एकहाती कारभार

घरातील करमणुकीची यंत्रे जसजशी वाढत गेली तसतसा त्यांच्यावरील आपला अंमलही वाढत गेला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती मात्र बहुधा याच्या उलट आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ज्या मोजक्या घरांत संच आले होते तेथील मंडळींना वाहिनी निवडण्याची चिंताच नव्हती, आणि आवाज कमी-अधिक करावयाचा तर उठून संचाचा कान पिळणे एवढेच काय ते कष्ट होते. आज त्याच दिवाणखान्यात टीव्ही एका कंपनीचा, सेटटॉप बॉक्स दुसरीचा, साउंडबार तिसरीचा, इंटरनेटवरून चित्रपट आणणारी स्टिक चौथीची आणि भिंतीवरचा एसी पाचवीचा असा पंचायती मामला असतो, आणि प्रत्येक यंत्र आपल्या रिमोटची सनद बरोबर घेऊनच घरात शिरते. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाने या पसाऱ्यात मोठी भर घातली. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ची आणि पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ची मुदत सरकारने घालून दिली, आणि जी तार आजवर सरळ संचाच्या पाठीत जात होती तिच्या वाटेत एक पेटी येऊन बसली. तेव्हापासून असंख्य घरांत नवा शिरस्ता पडला: टीव्ही एका रिमोटने चालू करावयाचा, वाहिनी दुसऱ्याने बदलावयाची, आणि आवाज नेमका कोणत्याने वाढवावयाचा यावर वडीलधारी मंडळी व नातवंडे यांनी रोज नव्याने वाद घालावयाचा.

या बेबंदशाहीवर उतारा म्हणून जे उपकरण निघाले त्यास बाजारात युनिव्हर्सल रिमोट म्हणतात. तो विकत आणावा, त्यात सेल घालावेत, की सर्व कारभार एका हाती आला अशी ज्यांची समजूत असते त्यांचा पहिल्याच संध्याकाळी हिरमोड होतो. आणि पुष्कळदा उपकरण निर्दोष असूनही होतो, कारण रिमोट हा मुळात कोणत्या प्रकृतीचा पदार्थ आहे याचा विचार कोणी केलेला नसतो. रिमोट हुकूम सोडतो. तो हुकूम पोचला की नाही, आणि पोचला असल्यास त्याची तामिली झाली की नाही, याची वार्ता त्याच्याकडे कधीच परत येत नाही. गावात दवंडी पिटणारा जसा चावडीपुढे ओरडून पुढच्या आळीत निघून जातो, कोणी ऐकले याची त्याला फिकीर नसते, तशीच रिमोटची रीत आहे. या उपकरणाची जुळवणी करताना ज्या अडचणी येतात त्यांतील निम्म्याअधिक या एकतर्फी स्वभावातून उद्भवतात, आणि उरलेल्या, प्रत्येक कंपनीची हुकमाची भाषा निराळी असल्यामुळे.

टीव्हीच्या रिमोटचे जन्मगाव शिकागो. तेथील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये ‘लेझी बोन्स’ नावाचे साधन विक्रीस आणले. ते संचाशी लांब वायरीने बांधलेले असे, आणि त्या वायरीत पाय अडकून माणसे धडपडू लागल्यावर त्याचे कौतुक ओसरले. १९५५ मध्ये त्याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी वायर काढून टाकून प्रकाशाची योजना केली. त्यांच्या ‘फ्लॅश-मॅटिक’ संचात पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशग्राही घटक बसविलेले असत, आणि पिस्तुलाच्या घाटाची विजेरी ज्या कोपऱ्यावर रोखावी त्याप्रमाणे संच बंद होई, मुका होई किंवा वाहिनी पुढेमागे सरके. कल्पना सुरेख होती. परंतु विजेरीचा उजेड कोणता आणि सूर्यनारायणाचा कोणता हे त्या घटकांस उमगत नसल्यामुळे, खिडकीतून ऊन आत आले की वाहिन्या आपोआप बदलू लागत. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५६ मध्ये, रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी प्रकाशाचा नाद सोडून ध्वनीचा आश्रय केला. त्यांच्या ‘स्पेस कमांड’ रिमोटात अ‍ॅल्युमिनियमच्या चार लहान कांड्या असत; बटण दाबताच आतील हातोडी कांडीच्या टोकावर आदळे, मनुष्याच्या कानास न कळणारा श्राव्यातीत ध्वनी उमटे आणि संच तो ओळखून कामास लागे. या रिमोटात सेल नव्हता, आणि तो बुद्ध्याच वगळलेला होता, कारण सेल उतरला असता गिऱ्हाईक संचच बिघडला असे समजेल अशी विक्री खात्याची धास्ती होती. रिमोटचे सेल संपले असता टीव्ही दुरुस्त करणाऱ्यास फोन लावणारी कुटुंबे आजही आढळतात, हे ध्यानी घेता ती धास्ती अनाठायी म्हणवत नाही. किल्ल्यांचा जुडगा किंवा खिशातील नाणी खुळखुळली तरी वाहिनी बदलावी, हा या पद्धतीचा दोष. परंतु तिचा खरा अंत झाला तो हुकमांची संख्या वाढल्यामुळे. बीबीसीने १९७४ मध्ये ‘सीफॅक्स’ नावाची, पडद्यावर बातम्यांची छापील पाने दाखविणारी सेवा सुरू केली. त्यातील पान तीन आकडे दाबून मागवावयाचे असे, आणि दहा आकड्यांचा हा व्यवहार चार कांड्यांच्या आवाक्यातला नव्हता. त्या दशकाच्या उत्तरार्धात अवरक्त किरणांची पद्धत पुढे आली, ती अद्याप टिकून आहे.

रिमोटच्या नाकावर जो लहानसा दिवा असतो त्यातून सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत, भिंत भेदीत नाहीत, आणि म्हणून आपल्या बटणाने शेजाऱ्याचा टीव्ही बंद पडत नाही. मात्र पांढऱ्या भिंतीवरून वा छतावरून ते परावर्तित होतात, त्यामुळे कोचावर आडवे पडून रिमोट भलतीकडे रोखला तरी पुष्कळदा काम होते. आता कोणी विचारील, की उन्हात आणि जुन्या पिवळ्या दिव्यातही अवरक्त किरण विपुल असताना पॉली यांच्या संचाची जी फजिती झाली ती आजच्या संचाची का होत नाही? याचे इंगित असे, की हा दिवा सलग पेटत नाही. बहुतेक रिमोटात तो सेकंदास सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो, आणि टीव्हीतील ग्राहक त्याच गतीने लुकलुकणारा उजेड जमेस धरून बाकीचा सारा खर्ची टाकतो. ही गती राखण्यासाठी पुष्कळ रिमोटांत ४५५ किलोहर्ट्झचा एक चिमुकला सिरॅमिक तुकडा बसविलेला असतो, त्याच्या कंपनास बाराने भागले म्हणजे ३७.९ किलोहर्ट्झ मिळतात. रिमोट हातातून फरशीवर आपटल्यावर बाहेरून धडधाकट दिसूनही मुका होतो, तेव्हा पुष्कळदा हाच तुकडा आत तडकलेला असतो, आणि सेल कितीही बदलले तरी त्याचा उपयोग होत नाही.

लुकलुकण्याची गती ही झाली केवळ शाई. मजकूर लिहिला जातो तो त्या लुकलुकीच्या झुबक्यांनी आणि त्यांमधील विरामांनी, आणि येथेच प्रत्येक घराण्याने आपापली लिपी निराळी काढली. जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत सर्वांत अधिक पसरलेली आहे. तीत प्रथम ९ मिलिसेकंदांचा एक दीर्घ झुबका आणि पाठोपाठ ४.५ मिलिसेकंदांचा विराम येतो, तो जणू ‘सावध’ म्हणण्यासाठी; मग आठ बिटांचा पत्ता, म्हणजे हुकूम कोणत्या यंत्रास उद्देशून आहे ते, आणि आठ बिटांची आज्ञा; आणि पत्ता व आज्ञा यांतील प्रत्येकाच्या मागोमाग त्याचीच उलटी नक्कल येते, ती ताळा पाहण्यासाठी. नक्कल जुळली नाही तर यंत्र तो कागद दाखलच करून घेत नाही. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते, तिचा संपूर्ण संदेश अवघ्या चौदा बिटांचा, आणि त्यांतील एक बिट केवळ एवढेच सांगण्यासाठी खर्ची पडतो की बोट बटणावरून उचलून पुन्हा दाबले, की दाबूनच ठेवले आहे; अकरा क्रमांकाची वाहिनी मागताना दोनदा दाबलेला ‘एक’ हा लांबलेला एकच ‘एक’ समजला जाऊ नये, याची ही तजवीज. सोनीची रीत ४० किलोहर्ट्झची. तीत ताळ्याची नक्कल नाही, म्हणून प्रत्येक हुकूम निदान तीनदा उच्चारला जातो. तेव्हा सोनीच्या टीव्हीपुढे फिलिप्सचा रिमोट दाबणे म्हणजे मोडी न जाणणाऱ्यापुढे मोडी दप्तर उघडणे होय. अक्षरे दिसतात, अर्थबोध शून्य.

या सर्व लिप्या एका उपकरणास अवगत करून देता येतील, ही कल्पना प्रत्यक्षात उतरली ती १९८५ मध्ये, फिलिप्सने आपल्या मॅग्नावॉक्स या अमेरिकन नाममुद्रेखाली युनिव्हर्सल रिमोट बाजारात आणला तेव्हा. त्याच वर्षी अ‍ॅपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निअक यांनी त्या कंपनीचे काम सोडले आणि सीएल-नाइन नावाची नवी कंपनी काढली. तिचा ‘कोअर’ नावाचा रिमोट १९८७ मध्ये आला. तो दुसऱ्या रिमोटांकडून हुकूम शिके, शिकलेल्या हुकमांची मालिका रची, आणि संगणकास जोडता येई. असामान्य बुद्धीच्या मनुष्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेली वस्तू सामान्यांच्या सोयीची असतेच असे नाही, याचे तो उत्तम उदाहरण होता. व्यापारात त्याचा टिकाव लागला नाही, परंतु आजच्या प्रत्येक चांगल्या युनिव्हर्सल रिमोटात त्याचे गुणधर्म उतरले आहेत.

आता खरेदीकडे वळू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत जाऊन ‘रिमोट द्या’ म्हटले, तर दुकानदार बहुधा जुना रिमोट मागतो, बटणांची ठेवण न्याहाळतो आणि खोक्यातून हुबेहूब तसाच एक काढून हातावर ठेवतो. हा युनिव्हर्सल नव्हे, ही त्या विशिष्ट रिमोटची नक्कल. हिला जुळवणी लागत नाही आणि जिला एकच यंत्र चालवावयाचे आहे त्या व्यक्तीने हिच्यापलीकडे जाण्याची तसदी घेऊ नये. उत्पादक कंपनीच राहिली नाही अशा संचांना तर हीच तारक ठरते. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगाव येथे ज्यांचा मोठा कारखाना होता त्या व्हिडिओकॉनचे दिवाळे २०१८ मध्ये न्यायाधिकरणापुढे गेले, पण त्यांचे टीव्ही त्यानंतरही घरोघरी चालत राहिले ते अशा नकलांच्या जोरावर. एक खबरदारी तेवढी घ्यावी: बाह्य रूप तंतोतंत जुळूनही आतील भाषा भिन्न असू शकते, म्हणून शक्य तर घरी वापरून पाहण्याच्या बोलीवरच घ्यावा.

खरा युनिव्हर्सल रिमोट दोन मार्गांनी तयार होतो. पहिला मार्ग कोडांचा. रिमोटच्या पोटात निरनिराळ्या कंपन्यांच्या लिप्यांचे दप्तर आधीच भरलेले असते, आणि सोबतच्या पुस्तिकेत कंपनीच्या नावापुढे कोड, बहुधा चार आकडी, छापलेले असतात. ‘सेट’ किंवा ‘सेटअप’ लिहिलेले बटण दिवा खूण करीपर्यंत दाबून धरावे, मग टीव्ही, बॉक्स किंवा ऑडिओ यांपैकी जे यंत्र सोपवावयाचे त्याचे बटण दाबावे, आणि कोडाचे आकडे द्यावेत. दिव्याने स्वीकृतीची खूण केली म्हणजे अर्ज मंजूर झाला असे समजावे. एकाच कंपनीपुढे दहा-पंधरा कोड पाहून घाबरू नये. कंपन्या वर्षावर्षाने आतील रचना बदलतात, कित्येक तर संच दुसऱ्याच कारखान्यात बनवून घेऊन आपले नाव चिकटवितात, त्यामुळे नावावरून भाषा निश्चित होत नाही. यादीत नावच नसेल तर शोधाचा उपाय आहे: रिमोटला शोधावर लावून टीव्हीसमोर धरावा, तो एकामागून एक कोडाने बंद करण्याचा हुकूम सोडीत जातो, आणि टीव्ही बंद पडताच बोट थांबवून तो कोड कायम करावा. वन फॉर ऑल या नावाने विकल्या जाणाऱ्या रिमोटांत हा शोध नऊ-नऊ-एक या आकड्यांनी सुरू होतो. शोध संथ असतो आणि अधीर माणसाचे बोट नेमके दोन कोड पुढे गेलेले असते, म्हणून हे काम घरातील सर्वांत शांत व्यक्तीकडे द्यावे.

पुष्कळांची फसगत होते ती यानंतर. टीव्ही चालू-बंद झाला की काम फत्ते मानून ते पुस्तिका मिटतात. आणि आठवड्याने मेनूचे बटण दाबले की काहीच होत नाही. कारण असे, की एकाच घराण्याच्या दोन बोलींत चालू-बंदचा शब्द समान आणि मेनूचा शब्द भिन्न असू शकतो. म्हणून कोड कायम करण्यापूर्वी आवाज, आकडे, मेनू, सोर्स आणि मागे जाण्याचे बटण ही सर्व रुजू करून घ्यावीत, एखादे न चालले तर पुढचा कोड पाहावा, आणि जो सर्वांत अधिक बटणांना जागेल तो स्वीकारून एका चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावा. साध्या रिमोटांत सेल काढले असता ही सारी जुळवणी विसरली जाण्याचा संभव असतो, आणि तोपर्यंत पुस्तिका रद्दीत गेलेली असते.

दुसरा मार्ग शिकविण्याचा, ज्याला बाजारात लर्निंग म्हणतात. यात दप्तराची गरज नाही. मूळ रिमोट गुरू आणि नवा शिष्य. दोघांची नाके समोरासमोर, दोन-तीन बोटांच्या अंतरावर, मेजावर सपाट ठेवावीत. शिष्यास शिकण्याच्या अवस्थेत आणून त्याचे एक बटण दाबावे, दिवा स्थिर पेटला की गुरूचे तेच बटण दाबावे, आणि शिष्याने खूण केली की पुढचा धडा घ्यावा. हा विधी उन्हात किंवा ट्यूबलाइटच्या अगदी खाली करू नये, कारण शिष्य तेथील उजेडाचीही नोंद करून बसतो आणि पाठ अशुद्ध होतो. गुरूच्या अंगात ताजे सेल असावेत. अनुभवी माणसे दोन्ही मार्गांचा मिलाफ करतात: आधी कोड देऊन बहुतेक बटणे एकदम जागी करावयाची, आणि जी दोन-चार मुकी राहतील तेवढीच शिकवावयाची. आणि पुष्कळांना हे ठाऊकच नसते, की केबल किंवा डीटीएचच्या बॉक्सबरोबर जो रिमोट फुकट आलेला असतो त्यावर एका चौकटीत टीव्हीसाठी राखलेली चार-पाच बटणे असतात, चालू-बंद, आवाज आणि सोर्स यांची. ती अशाच रीतीने शिकविता येतात. ज्या घरात टीव्ही आणि बॉक्स एवढीच मिळकत आहे तेथे बाजारात जाण्याचे कारणच उरत नाही. कित्येक घरांत ती चौकट वर्षानुवर्षे निरक्षर पडून असते, ही खेदाची गोष्ट आहे.

यंत्रे तीन किंवा अधिक झाली म्हणजे रिमोटचा एकतर्फी स्वभाव आपला प्रताप दाखवू लागतो. चांगल्या युनिव्हर्सल रिमोटात हुकमांची मालिका एका बटणावर बसविता येते, तिला मॅक्रो म्हणतात: टीव्ही चालू, बॉक्स चालू, साउंडबार चालू, टीव्हीचा सोर्स एचडीएमआय एक. ऐकण्यास हे फार गोड वाटते. परंतु बहुतेक रिमोटांवर ‘चालू’ असा हुकूम नसतोच. असतो तो ‘जे असेल त्याच्या उलट हो’ असा. चिरंजीवांनी दुपारी टीव्ही चालूच ठेवला असेल, तर संध्याकाळी वडिलांनी मॅक्रो दाबताच बॉक्स व साउंडबार जागे होतात आणि टीव्ही झोपी जातो. पुन्हा दाबले की बरोबर उलटे. रिमोट बिचारा निर्दोष आहे, त्याने आपले फर्मान वाचले. सोर्सची कथा तीच: ते बटण दाबण्यागणिक एकेक घर पुढे सरकत असेल, तर आरंभ कोठून हे ठाऊक असल्याखेरीज शेवट कोठे होईल हे ठरविता येत नाही. यावर खरा इलाज स्वतंत्र हुकमांचा आहे. पुष्कळ टीव्ही ‘चालूच हो’, ‘बंदच हो’, ‘एचडीएमआय एकवरच जा’ अशा नेमक्या आज्ञा जाणतात, मात्र त्यांची बटणे मूळ रिमोटवर नसतात. ज्या युनिव्हर्सल रिमोटच्या दप्तरात या आज्ञा आहेत त्याला पहिली पसंती द्यावी. त्या नसल्यास मॅक्रोतून चालू-बंद वगळून ते हातानेच करावे, हे अधिक शहाणपणाचे. मालिकेत दोन हुकमांमध्ये विराम ठेवण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी, कारण आजचे टीव्ही म्हणजे संगणकच असल्यामुळे जागे झाल्यावर काही सेकंद कोणाचेही ऐकत नाहीत.

या दुखण्यावर सर्वांत कल्पक तोड काढली ती कॅनडातील इन्ट्रीग टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या ‘हार्मनी’ रिमोटाने. ही कंपनी २००४ मध्ये लॉजिटेकने विकत घेतली. यंत्रे मोजण्याऐवजी हार्मनी माणसाचे प्रयोजन विचारी: टीव्ही पाहावयाचा, चित्रपट लावावयाचा, की गाणी ऐकावयाची? कोणते यंत्र आपण चालू केले आणि कोणते बंद, याची खातेवही तो स्वतःपाशी ठेवी, आणि खाते चुकले तर मदतीचे बटण दाबताच ‘टीव्ही चालू झाला का?’ असे नम्रपणे विचारून एकेक चूक दुरुस्त करी. परत वार्ता येत नाही हे मान्य करून माणसालाच साक्षीदार करण्याची ही युक्ती मला या सर्व इतिहासात फार रसिकतेची वाटते. लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये हे रिमोट बनविणे थांबविले.

एसीचा रिमोट मात्र टीव्हीच्या रिमोटाच्या रीतीस अपवाद आहे आणि म्हणूनच युनिव्हर्सल रिमोटांना तो दाद देत नाही. टीव्हीचा रिमोट ‘आवाज एक पायरी वाढव’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट दर वेळी सगळा जाबता नव्याने धाडतो, तपमान इतके, पंख्याची गती इतकी, थंडावा की नुसती हवा, झडप हलावी की नाही. त्याच्या अंगावर छोटा पडदा असतो तो याचसाठी, कारण स्थितीची नोंद रिमोटातच राहते. असा संदेश पुष्कळदा शंभर बिटांच्या पुढे जातो, आणि टीव्हीचे आखूड हुकूम शिकण्यासाठी केलेल्या स्वस्त रिमोटाच्या स्मरणात तो मावत नाही. मावला तरी ‘चोवीस अंश’ हा एकच ठराव पाठ होतो, एकेक अंश वाढविण्याची कला येत नाही. एसीसाठी निराळा युनिव्हर्सल रिमोट मिळतो, तोच घ्यावा.

रेडिओलहरींवर चालणाऱ्या साधनांपुढे तर अवरक्त किरणांची मात्राच चालत नाही. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो. होम बटण दहा सेकंद दाबून ही सोयरीक जुळवावी लागते, आणि तेथे तिसऱ्यास प्रवेश नाही. गंमत अशी, की त्याच रिमोटच्या नव्या आवृत्त्यांत टीव्हीसाठी अवरक्त दिवाही असतो, आणि सेटिंग्जमधील ‘इक्विपमेंट कंट्रोल’ या सदरात टीव्हीची वा साउंडबारची कंपनी निवडली की चालू-बंद आणि आवाज त्याच्या ताब्यात येतात. ज्यांचे पाहणे सर्वस्वी इंटरनेटवर गेले आहे त्यांना वेगळ्या युनिव्हर्सल रिमोटची जरूर पडत नाही ती यामुळे. याखेरीज एचडीएमआय केबलच्या एकोणीस जोडांपैकी तेराव्या क्रमांकाचा जोड सीईसी नावाच्या निरोपांसाठी राखलेला आहे. सॅमसंग यालाच एनीनेट-प्लस म्हणते, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक; नावे अनेक, वस्तू एक. येथे प्रथमच व्यवहार दुतर्फा होतो: एक यंत्र दुसऱ्यास ‘तू जागा आहेस काय?’ असे विचारू शकते आणि त्यास उत्तर मिळते. त्यामुळे स्टिक जागी झाली की टीव्ही आपण होऊन तिच्याकडे वळतो, आणि टीव्हीच्या रिमोटाने साउंडबारचा आवाज बदलतो. टीव्हीच्या मेनूत हा पर्याय पुष्कळदा बंद केलेला असतो. युनिव्हर्सल रिमोटवर पैसे खर्चण्याआधी तो चालू करून पाहावा. सर्व कंपन्यांची यंत्रे यात सारख्याच इमानाने वागत नाहीत, आणि कधी टीव्ही बंद करताच ज्यावर गाणी ऐकावयाची होती तो साउंडबारही मुकाट झोपतो. तेवढा उपद्रव सहन होत नसेल तर पर्याय पुन्हा बंद करावा.

मोबाइलमध्ये अवरक्त दिवा असेल, जसा शाओमीच्या कित्येक फोनांत असतो, तर तोही रिमोटचे काम करतो. परंतु फोन हा मालकाबरोबर घराबाहेर जातो, आणि मागे राहिलेल्या आजींनी मालिका कशी लावावी, हा प्रश्न उरतोच. वाय-फायला जोडून ठेवण्याची, खोलीभर अवरक्त किरण फेकणारी लहान पेटी अधिक बरी. ती बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालते, म्हणून जुळवणीच्या वेळी फोनही त्याच जाळ्यावर असावा.

कोणतीही जुळवणी फसली असे वाटल्यास प्रथम किरण निघतात की नाही हे पाहावे. मोबाइलचा कॅमेरा उघडून रिमोटचे नाक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त किरण अडविणारी काच असू शकते, म्हणून तेथे दिसले नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे. ठिपका दिसतो पण यंत्र ऐकत नाही, तर कोडात चूक आहे किंवा यंत्राच्या डोळ्यापुढे शोभेची बाहुली ठेवलेली आहे. साउंडबार टीव्हीच्या पायथ्याशी ठेवला की तो टीव्हीचाच डोळा झाकतो, हे नेहमीचे. एकच बटण हट्टी झाले असेल तर आतील रबराखालचा काळा थर झिजला वा मळला असावा. रिमोट उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलके पुसल्यास पुष्कळदा सुधारतो. सेल बदलताना जुना-नवा एकत्र घालू नये.

नवा रिमोट रुळला म्हणजे मूळ रिमोट देऊन टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. टीव्हीची काही सेटिंग्ज, नवी वाहिनी शोधण्याचा विधी, एखादे अनामिक बटण, यांसाठी वर्षातून एकदा तरी त्याची आठवण होते, आणि युनिव्हर्सल रिमोट हरवला तर नव्या शिष्यास शिकविण्यासाठी गुरू घरात असावाच लागतो. मूळ रिमोटांतील सेल मात्र काढून ठेवावेत, कारण पडून राहिलेला सेल पाझरतो आणि स्प्रिंगा खाऊन टाकतो. आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीने यंत्राचे नाव लिहावे, म्हणजे खणातील सहा काळ्या रिमोटांतून हवा तो निवडण्यासाठी सहाही यंत्रांपुढे जाऊन उभे राहावे लागणार नाही.